तांबटाकडच्या दोन राण्या

कल्याणातला तो तांबट मोडीतलं भांडं भट्टीत टाकण्याआधी त्याच्याशी बोलायचा. "चला बाई, जुनं झालं, आता नवं व्हा," म्हणायचा आणि मगच भाता ओढायचा. असा बडबड्या माणूस, पण इंग्रज सरकारचा विषय निघाला की आवाज एकदम खाली.

एकदा खाडीच्या गाळात सापडलेलं, हिरवं पडलेलं जाड नाणं कुणीतरी त्याला मोडीत दिलं. एका बाजूला अंबाडा घातलेली बाई, दुसरीकडे हातात कणसं घेतलेली देवी. मी शाळामास्तर, म्हणून त्यानं ते मला दाखवलं.

"मास्तर, या आपल्या राणीसरकारच ना, तरुणपणच्या?" तो कुजबुजला. "वितळवलं तर धरून नेतील."

"अहो, ही रोमची जुनी राणी. निम्म्या जगावर राज्य होतं रोमचं."

"होतं? म्हणजे आता नाही?"

"कधीच बुडालं."

आता वितळवायला हरकत नव्हती. पण त्यानं ते चिंचेनं घासून लख्ख केलं. मग कनवटीचा राणीसरकारचा चालू पैसा काढून त्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्ही राण्यांकडे बराच वेळ पाहत राहिला.

"चला बाई," तो त्या चालू पैशाला म्हणाला. या वेळी त्यानं आवाज खाली केला नाही.