दोन वाणांचा कापूस एका ओटीत

१५ जून १९७४. शाळेच्या कार्यालयात तीनशे रुपये रोख माझ्या ताब्यात देण्यात आले. हजर होते मुख्याध्यापक, वाशीमच्या जिनिंग कारखान्याचे शेठ, कापूस संशोधन केंद्रातले एक साहेब आणि पालकांतर्फे मी. पैसे शेठचे, बियाणे साहेबांचे, जमीन शाळेची, मेहनत नववीच्या मुलांची, असे ठरले. कपाशीचे दोन वाण, प्रत्येकी दहा ओळी. मुलांनी झाडे मोजायची, बोंडे मोजायची आणि प्रत्येक वेचणीचा कापूस वाणवार तोलायचा. आकडे पूर्ण आले तर केंद्र शाळेला प्रयोगशाळेचे सामान देणार होते. प्रयोगशाळा नाही म्हणून दहावीचा वर्ग अडला होता. माझी मुलगी नववीत होती. पुढच्या वर्षी तिला वाशीमला पाठवायला घरातून साफ नकार होता. प्रयोगाची वही तिच्याकडेच होती. चार महिने त्या वहीत एक रकाना रिकामा राहिला नाही.

आमच्याकडे पहिल्या वेचणीला सीतादही करतात. शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून बाया पहिला कापूस वेचतात. मुलांच्या आया हौसेने आल्या. नैवेद्य झाला आणि पाहता पाहता त्या वीसही ओळींत शिरल्या.

"बाबा, दोन्ही वाण एकातच जाऊन राह्यले. थांबवा न त्याइले," मुलगी म्हणाली.

मी गेलो. माझ्या चुलत वहिनीने कापसाची ओटी सावरली. "काहून भाऊजी, आज बी तराजू? देवीचा कापूस वेगयावेगया करतेत काय?"

मागून कोणीतरी म्हणाली, "त्याइच्या वहीलेच बोंडं लागतीन आता."

सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि बाजूला झालो. सणाच्या दिवशी बायांना टोकायचे कसे, एवढाच विचार केला. गाठोडे साडेअकरा किलो भरले. कोणत्या वाणाचे किती, ते आता कोणालाच सांगता येणार नव्हते.

पुढच्या तिन्ही वेचण्या मुलीने वेगळ्या तोलल्या. साहेबांनी वही उभ्यानेच चाळली. "पहिली वेचणी नसेल तर तुलना होत नाही," म्हणाले आणि पुन्हा आले नाहीत. सामान आले नाही. वर्ग निघाला नाही. मुलीची शाळा नववीला सुटली. त्या दिवशी मी का हसलो, हे तिने मला कधी विचारले नाही.

पुढच्या हंगामात शाळेने तिथे नुसती कपाशी लावली. उरलेले पैसे वेचणीच्या मजुरीला द्या, असा शेठचा निरोप आला. अठरा रुपये शिल्लक होते. ते मी वेचणाऱ्या नऊ जणींना प्रत्येकी दोन याप्रमाणे दिले. रांगेत शेवटी माझी मुलगी उभी होती.