जहिरा मणियारची हाक

सुप्याच्या आसपासच्या सात वाड्यांवर जहिरा मणियारला कधी कुणाच्या दाराची कडी वाजवावी लागली नाही. डोक्यावर बांगड्यांची टोपली, खांद्यावर काचेच्या माळा आणि वेशीपासूनच सुटलेली ती हाक, "बांगड्याऽऽ भरा गंऽऽ!" शेवटाला आवाज असा चढायचा, की विहिरीवर धुणं आपटणारी बाईही पदराला हात पुसत घराकडे निघायची. माईक नाही, पेटीची साथ नाही, तरी शेवटच्या रांगेत पोचणारा आवाज देव मोजक्यांनाच देतो. जहिराला तो दिला, आणि बत्तीस वर्षं तिनं तो उन्हातान्हात राबवला.

बांगड्यांच्या जोडीला दारात अकरा शेळ्या होत्या. त्यांची राणी म्हणजे पांढऱ्या कपाळाची चांदणी. धाकट्या लेकीचं, आलियाचं नर्सिंगचं शिक्षण हीच करतेय, असं जहिरा तिच्या पाठीवर थाप मारून सांगायची. गेल्या पावसाळ्यात रानात कोवळं गवत आलं आणि चार दिवसांत आठ शेळ्या पोट फुगून गेल्या. चांदणी शेवटची गेली, जहिराच्या मांडीवर डोकं ठेवून.

यंदा मे महिन्यात मोनिका आली. शेळ्या पाळणाऱ्या घरांना फोनवरून सल्ला देणाऱ्या एका परदेशी संस्थेच्या केडगावच्या कचेरीतली ही पोरगी. आठवड्यातून दोनदा रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा फोन जायचा: लस कधी, जंताचं औषध कधी, पिलांना काय खायला घालायचं. सगळं फुकट.

"मावशी, गेल्या मे महिन्यातही तुम्हाला फोन केला होता," हातातल्या पाटीएवढ्या स्क्रीनवर बोट ठेवून मोनिका म्हणाली. "आंत्रविषाराची लस होती. कोवळ्या गवतानं शेळ्या जातात ना, त्याचीच. तुम्ही पाचव्या सेकंदाला कट केलात."

"म्या? कोनता फोन?"

मोनिकानं तो लावला. दुधात धुतलेला आवाज आला, "नमस्कार, आपले स्वागत आहे..."

हाच फोन आपण कापला होता, हे जहिराला आठवलं. असल्याच एका गोड आवाजानं दोन वर्षांपूर्वी वाडीवरच्या रंगनाथ मास्तरांकडून बँकेचा नंबर काढून घेतला होता आणि त्यांचं पेन्शनचं खातं धुऊन नेलं होतं. तेव्हापासून हीच जहिरा दारोदार बायकांचं मनगट हातात धरून सांगत फिरली होती, "नमस्कार म्हनला की कापायचा! ऐकत बसायचं न्हाई!" सातही वाड्यांनी तिचा शब्द पाळला होता.

"दोनशे चाळीस घरांतल्या एकोणीस घरांनी पूर्ण ऐकलं," मोनिका म्हणाली. "रविवारी पुन्हा लसीकरण आहे. निम्मी घरं आली नाहीत, तर ही सेवा दुसऱ्या तालुक्यात हलवणार आहेत. वरून पत्रच आलंय."

जहिरानं उरलेल्या तीन शेळ्यांकडे पाहिलं. सगळ्यात पुढं चांदणीची पाठ, तिची तरणी लेक, उभी होती, तसंच पांढरं कपाळ. या पावसाळ्यात हिचीही पाळी येणार, आणि वाडीवाडीवर अशाच कितीजणींची.

"म्याच कापायला शिकवलंय," ती म्हणाली. "आता म्याच ऐकायला लावते. चल पोरी, कुठं बोलायचं ते दाव."

नवरा बाबाजान उंबऱ्यावरून हसला. "तुझ्या हाकंनं शेजारच्या गावची कुत्री उठत्यात. त्या डबीत मावंल का आवाज?"

केडगावच्या कचेरीत अंगद नावाचा यंत्रं सांभाळणारा गडी होता. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं, तोंडासमोर माईक धरला, बोट वर केलं. आणि बत्तीस वर्षं सात वाड्या हलवणारी बाई पुटपुटली, "नमस्कार... शेळ्यांना..."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. 

"राहू द्या मावशी," अंगद म्हणाला. "आधीच्या फोनवरच्या पुण्याच्या बाईंकडूनच करून घेऊ."

ते मात्र तिला लागलं. बाहेर जाऊन तिनं टोपली उचलली, डोक्यावर चढवली, माळा खांद्यावर टाकल्या. "मी बसून कधी बोललेच न्हाई रं बाबा. चालू दे मला."

ती खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे चालू लागली. माळा किणकिणल्या. चौथ्या पावलाला पाठ ताठ झाली, आणि आवाज सुटला. "अगंऽऽ हाय का घरात? जहिरा आले गंऽऽ! कापू नका, माजंच बोलनं हाय. गेल्या साली म्या फोन कापला आन् माजी चांदनी गेली. येत्या रविवारी शाळंच्या पटांगनात शेळ्या आना. एक सुई, न् पावसाळाभर घोर न्हाई!"

अंगद माईक हातात धरून तिच्या मागं धावत होता. काचेचा आवाज काढून टाकतो, असं तो नंतर म्हणाला. मोनिकानं त्याचा हात धरला. "तो काढलास तर मावशी ओळखणार कोण?"

शनिवारी सकाळी साडेसातला फोन गेला. खडकवस्तीवर म्हैस पिळत बसलेल्या बनुबाईनं गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला फोन ओल्या बोटानं दाबला. किणकिण आली, हाक आली. बनुबाई दुधाची चरवी तशीच ठेवून उठली आणि मनगटं पुढं करून दारात आली. समोरच्या दारात तिची जाऊ. पलीकडे आणखी तिघी. रस्ता रिकामा.

"कुठंय गं जहिरा?"

"आत्ता तर हाक दिली!"

गोठ्यात फोन एकटाच बोलत होता. मग बनुबाईला हसू फुटलं ते आवरेना. परत जाऊन तिनं तो पुन्हा लावला आणि सगळ्याजणींनी खुंटीभोवती उभं राहून तो शेवटपर्यंत ऐकला.

रविवारी जहिरा सातलाच पटांगणात हजर. तीन शेळ्या टोचून झाल्या. आठ वाजले. डॉक्टर चहा प्याले. साडेआठ. पटांगण रिकामं. जहिरा फाटकाकडे पाहायची आणि ओढणीचं टोक पिळायची. पडदा वर गेलाय आणि समोर खुर्च्याच खुर्च्या, असं ते पाहणं.

नवाच्या सुमाराला ओढ्याच्या बाजूनं घंटा वाजल्या. मग टेकडीवरून. मग डांबरी रस्त्यावरून एक टेम्पोच आला, आत दाटीवाटीनं शेळ्या, वर बसलेल्या बायका. धुळीत पटांगण दिसेनासं झालं. अकराला मोनिका नावं टिपता टिपता ओरडली, "मावशी, एकशे एकवीस! निम्म्याच्या वर!" दुपारपर्यंत एकशे सत्त्याऐंशी घरं झाली, आणि लस कमी पडते म्हणून डॉक्टरांनी गाडी पिटाळली. सेवा कुठंही हलणार नव्हती.

सगळ्यांत शेवटी बनुबाई आली. चार शेळ्यांची दोरी जहिराच्या हातात कोंबून तिनं दोन्ही मनगटं पुढं केली.

"शनिवारी दारात बोलावलंस आन् आली न्हाईस. अर्धी म्हैस तशीच ठिवून पळाले मी. आता भर हिरव्या, डझनभर!"

जहिरानं दोरी मोनिकाकडे दिली, टोपली उतरवली आणि तिथंच धुळीत बसकण मारली. भोवती शेळ्यांचा ओरडा, बायकांचा गलका. बनुबाईचा हात दाबून ती एकेक बांगडी चढवू लागली.

"व्हय गं," बनुबाईनं विचारलं, "मंगळवारच्या फोनात काय सांगनार हाईस?"

"जंताचं औषध. हात सैल सोड."