सर्जेरावाची हरकत

सर्जेरावाला पोलिसांनी बारामतीच्या कॉलेजातून गाडीत घालून नेलं, ही बातमी गावाला, सणसरला, सर्जेराव पोचायच्या आधी पोचली. दूध डेअरीवर तिला हातपाय फुटले. कुणी म्हणालं, मॅडमवर धावून गेला. कुणी म्हणालं, धावून नाही, खुर्ची फेकली. हिंदुरावानं तर खुर्चीचा रंगही सांगितला. खरं एवढंच, की सर्जेरावानं कॉलेजच्या फाटकात मोटरसायकल आडवी लावली होती आणि एका हवालदारानं येऊन ती काढायला सांगितली. सर्जेरावानं ती काढली. मॅडमवर कुणी धावलं नव्हतं, खुर्च्या जागच्या जागी होत्या. पालकसभेत सर्जेराव उभा राहिला होता, हे मात्र खरं. आणि तो का उभा राहिला हे सांगायचं, तर आधी मोहनराव सांगावा लागतो.

मोहनराव म्हणजे सर्जेरावाच्या बांधापलीकडचा शेजारी. सर्जेरावाच्या पोटात दुखायला लागलं, की घरचे ओवा आणत नाहीत. मोहनरावानं नवीन काय आणलं ते विचारतात. मोहनरावाच्या फाटकावर सिमेंटचे सिंह बसले, त्याच उन्हाळ्यात सर्जेरावाच्या फाटकावर मोर बसले. मोहनरावाच्या उसाला तोड आधी आली, की सर्जेरावाला जेवण जात नसे. स्वतःच्या उसाला आधी आली, तर हा बांधावर उभा राहून टोळीला उगाच मोठमोठ्यानं हाका मारायचा. भांडण म्हणाल तर कधीच नाही. सणावाराला ताटं इकडून तिकडं जायची. पण मोहनरावाकडची पुरणपोळी खाऊन झाल्यावर सर्जेराव बायकोला विचारायचा, "तूप कुठलं गं ह्यांचं?"

जयवंता म्हणायची, "तुमच्या घशात अडकलंय न्हवं, त्येच."

या सगळ्यात एक गोष्ट सर्जेरावाला आतून खायची. पिवळी बस. मोहनरावाचा अविराज बालवाडीपासून बारामतीच्या इंग्लिश मीडियमला. रोज सकाळी बस नेमकी सर्जेरावाच्या दारात वळायची आणि वळताना हॉर्न द्यायची. त्याच वेळी सर्जेरावाची संस्कृती चप्पल घालून गावच्या शाळेत चालत निघायची. अविराज कुत्र्यालासुद्धा इंग्रजीत 'सिट' म्हणायचा आणि कुत्रं बसायचं. सर्जेरावाला वाटायचं, कुत्रंसुद्धा त्यांचंच हुशार.

दहावीला मात्र संस्कृतीला अविराजपेक्षा जास्त मार्क पडले. सर्जेरावानं पेढ्यांचा पहिला पुडा मोहनरावाकडं नेला आणि घरातल्या प्रत्येकानं पेढा तोंडात टाकेपर्यंत तिथून हलला नाही. त्याच तंद्रीत त्यानं ठरवून टाकलं, पोरगी अविराजच्याच कॉलेजात, अविराजच्याच वर्गात, सायन्सला. संस्कृतीला विचारलं ते ॲडमिशन झाल्यावर. नशीब त्याचं, की तिलाही सायन्सच हवं होतं. लहान असताना त्यांची गाय अडली होती. तेव्हा आलेल्या डॉक्टरीणबाईंनी कोपरापर्यंत हात घालून वासरू ओढून काढलेलं तिनं गोठ्याच्या दारातून पाहिलं होतं. तेव्हापासून पोरीचं एकच. जनावरांची डॉक्टर व्हायचं.

पण अकरावीला सगळंच इंग्रजीत. गावच्या शाळेत मास्तरांचा प्रश्न संपायच्या आत हात वर करणारी पोरगी आता मागच्या बाकावर जाऊन बसली. घरी पुस्तक उघडलं, की एकेका ओळीपाशी अडून राहायची. सर्जेरावाला ते दिसत होतं, नाही असं नाही. पण त्याहून ठळक दिसत होता तो बांधापलीकडं कानाला मोबाईल लावून फाडफाड इंग्रजी बोलत फिरणारा अविराज. मग सर्जेरावानं उपाय काढला.

"उद्यापास्नं ह्या घरात फकस्त इंग्लिश. मराठी बंद."

झालं, घर मुकं झालं. जयवंता भांडी आपटून बोलायला लागली. सर्जेराव स्वतः 'यस' आणि 'नो' यांच्यावर दिवस ढकलू लागला. संस्कृती पूर्वी धारेच्या वेळी आईजवळ बसून वर्गातलं काहीबाही सांगायची, तेही थांबलं. एकदा म्हैस दावं तोडून उधळली, तेव्हा सर्जेरावाच्या तोंडून "अगं धर, धर तिला!" असं गेलं. म्हैस राहिली बाजूला. यानं आधी बांधाकडं पाहिलं, मोहनरावानं ऐकलं की काय.

अशात पहिली पालकसभा आली.

सभा म्हटलं, की आपल्या भागातल्या माणसाला एकच सभा ठाऊक, साखर कारखान्याची. माईकवर विषय वाचला जातो, पुढचे 'मंजूर' म्हणतात, मागचे 'मंजूर, मंजूर' म्हणतात आणि सगळे जेवणाच्या मंडपाकडं बघायला लागतात. कॉलेजच्या हॉलमध्येही तीच माणसं, त्याच टोप्या, तेच कडक इस्त्रीचे शर्ट. पहिल्या रांगेत मोहनराव. सर्जेराव मुद्दाम त्याच्या पाठीमागची खुर्ची धरून बसला.

प्रगती मॅडम फिजिक्स शिकवायच्या, वर्गही त्यांच्याकडंच. तरुण बाई, कामाला चोख, मनानं चांगली. पण बोलणं असं: "स्टुडंट्सचा फर्स्ट टर्मचा परफॉर्मन्स सॅटिस्फॅक्टरी नसेल, तर आम्ही स्ट्रीम चेंज रेकमेंड करू. त्यासाठी पेरेंट्सची कन्सेंट आजच घेतो. ओके?" यातलं 'नसेल', 'करू' आणि 'घेतो' एवढं सर्जेरावाला नीट कळलं. बाकीच्यासाठी त्यानं मोहनरावाच्या मानेकडं पाहिलं. मान हलत होती. मॅडम हसल्या, मोहनराव हसला, म्हणून सर्जेराव हसला. मॅडम गंभीर झाल्या, तसे हे दोघंही ओळीनं गंभीर झाले. मग मोहनराव म्हणाला, "मंजूर."

मागं राहील तो सर्जेराव कसला? त्यानं वरताण आवाज काढला, "मंजूर, मंजूर!" सगळा हॉल दणाणला. मॅडम जरा बावरल्याच; एवढा पाठिंबा त्यांना अपेक्षित नव्हता. मग चहा-बिस्किटं झाली आणि माणसं आपापल्या गाड्यांकडं पांगली.

दुसऱ्या दिवशी संस्कृती कॉलेजातून आली ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून थेट गोठ्यात. इंग्रजीचा कायदा तिनंच मोडला.

"आण्णा, काल तुमी कशाला मंजूर म्हणला?"

"काय तरी चांगलंच असंल की. मोहनराव म्हणला."

"फिजिक्सला नापास झालं तर सायन्समधनं काढून आर्ट्सला घालायचं. मॅडमनी आज वर्गात सांगितलं, तुमच्या घरच्यांनी एकमतानं मान्य केलंय. अन् अविराज सगळ्यांसमोर म्हणतो, आमचे पप्पा सांगत हुते, तुझ्या आण्णांचा आवाज सगळ्यात मोठा हुता." तिनं आता दप्तर खाली टाकलं. "चाचणीत मी नापास हाय, आण्णा. मला येत न्हाय असं न्हाय. पेपरात काय विचारलंय त्येच कळंना."

सर्जेराव हातातली वैरण गव्हाणीत टाकायची विसरला. गाय त्याच्या हातातूनच ओढून खाऊ लागली.

"आता जावा त्या मॅडमकडं," जयवंता म्हणाली. "सांगा, आमाला कळलं न्हाय, आमचं मंजूर म्हागारी द्या."

"अन् मोहनरावाला कळलं असंल तर? त्याला कळलं, मला न्हाय कळलं, गावभर व्हईल."

"आर्ट्समधनं जनावरांची डॉक्टर होता येतं का, तेवढं मोहनरावाला इचारून या मग."

टोमणा लागला. एके दिवशी सर्जेराव निघालाही. काटेवाडीपर्यंत गेला, तर समोरून मोहनरावाची गाडी. काच खाली झाली. "कुठं निघाला, सर्जेराव?" "हितंच, पंक्चर काढायला." आणि दोन्ही चाकांत टम्म हवा असलेली मोटरसायकल वळवून तो घरी आला.

पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. या मोहनरावाला इंग्रजी आलं कधी? दोघं एकाच वर्गातले. दहावीला इंग्रजीत दोघं बरोबर गचकले होते, फलकावर दोघांचे नंबर नव्हते. एकाच मास्तरांचा मार खाल्लेला माणूस. नंतर उसात उभ्या उभ्या इंग्रजी शिकला? पोराच्या संगतीनं येतं का ते? मग आपल्याला का नाही आलं? पोरीची काळजी एकीकडं आणि ही जळजळ एकीकडं, आणि खरं सांगायचं तर जळजळीचं पारडं जडच होतं.

सत्र परीक्षेच्या तोंडावर दुसरी सभा लागली. संस्कृती घरातून निघताना एवढंच म्हणाली, "आण्णा, आज मंजूर म्हणू नका." सर्जेरावानं मान डोलावली. काही बोलायचं नाही, काही मंजूर करायचं नाही, खाली मान घालून बसायचं, असं ठरवून तो गेला. बसलाही तसाच. पडद्यावर रंगीत चौकोन आले, गेले. मॅडमचं बोलणं डोक्यावरून गेलं. मोहनरावाची मान लयीत हलत राहिली.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "पेरेंट्स कमिटीवर आपल्याला एक रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे पालक प्रतिनिधी हवाय. मला वाटतं, मोहनरावांसारखे अटेंटिव्ह, आयडियल पेरेंट..."

'प्रतिनिधी' कळलं. 'मोहनराव' तर कळलंच. सर्जेरावाच्या पोटातला जाळ टोपीपर्यंत चढला.

"हरकत हाय!"

सर्जेराव आपण उभे आहोत हे बघून स्वतःच दचकला. पण उभा राहिलेला माणूस आपल्याकडं असा बसत नाही.

"कशाला हरकत?" मॅडमनी विचारलं.

"विषय वाचून दाखवा. मागचा बी, आजचा बी. मराठीत. न्हायतर ह्या प्रतिनिधींनाच सांगू द्या, मागल्या सभेत काय मंजूर झालं त्ये."

मोहनराव उठला. शर्ट खाली ओढला. घसा खाकरला. "त्ये... पोरांचा परफॉर्मन्स... सॅटिस... म्हंजे चांगला ठिवायचा. असंच ना, मॅडम?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी काय ठरलं ते ज्यांना कळलं होतं, त्यांनी हात वर करा बरं." एकही हात नाही. मग मागून एक वर आला. कन्हेरीच्या सिंधुबाईंचा. मॅडम आशेनं तिकडं वळल्या.

"पानी कुठं मिळंल, त्ये इचारायचं हुतं," सिंधुबाई म्हणाल्या.

मॅडमनी पडदा बंद केला, माईक बाजूला ठेवला आणि सगळं सरळ मराठीत सांगितलं. मग मात्र हॉल उसळला. "आमच्याच पोरास्नी काढायला आमीच हो म्हणलो व्हय?" सगळे एकदम उठले, तेव्हा खुर्च्या करकरल्या, आणि तो आवाज बाहेर ज्याला जसा ऐकू आला तशी त्यानं बातमी केली.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. आवाज खाली आले. "तुमची मुलं ढ नाहीत. दाब, वेग, उष्णता त्यांना मराठीत पक्कं येतं, इंग्रजी शब्द समोर आला की अडतात. ते शब्द मी बघते, कॉलेज सुटल्यावर थांबवून घेते त्यांना. तुम्ही घरी इंग्रजी बोलू नका. रोज पोराला विचारा, आज काय शिकलास, मला आपल्या भाषेत सांग. नाही कळलं तर पुन्हा विचारा. तुम्हाला समजावता आलं, म्हणजे त्याला आलं. आणि सभेची वाट बघू नका, कधीही येऊन मला भेटा."

'घरी इंग्रजी बोलू नका' हे ऐकताना सर्जेराव छताच्या पंख्याकडं बघत होता.

कॉलेजनं नियम रद्द केला नाही, पण नापास होतील त्यांना दिवाळीनंतर फेरपरीक्षा द्यायचं कबूल केलं. आणि प्रतिनिधी? मोहनराव घाम पुसत म्हणाला, "मला काय बी कळलं न्हाय, हे आता सगळ्यांस्नी म्हाईत हाय. म्हंजे तुमचा खरा प्रतिनिधी मीच की." हॉल हसला. मंजूर, मंजूर झालं. सर्जेराव उभा राहिला आणि पद मोहनरावाच्या घरात गेलं.

त्या दिवसापासून धारेच्या वेळी सर्जेराव पाटावर बसून पोरीकडून शिकू लागला. "चिखलात गाईचा खूर रुततो, पण फळी टाकून तिच्यावर उभी केली की रुतत न्हाय," संस्कृती सांगायची. "वजन त्येच, पण जागा वाढली की दाब कमी. ह्यालाच प्रेशर म्हणत्यात."

सर्जेराव विचारात पडला. "मोहनरावाच्या ट्रॅक्टरची चाकं रुंद हायत, म्हणून त्यो रुतत न्हाय व्हय? मला वाटायचं, नशीब हाय त्याचं."

चार दिवसांत बांधापलीकडं मोहनरावही अंगणात खुर्ची टाकून अविराजचं ऐकायला लागला. सर्जेराव बायकोला म्हणाला, "बघ, नक्कल करतंय." वैरण टाकायच्या निमित्तानं तो बांधाला कान लावून यायचा, त्यांचा धडा कितवा चाललाय म्हणून.

सत्र परीक्षेत संस्कृती फिजिक्सला थोडक्यात नापास झाली. दिवाळीत तिनं फराळाच्या ताटाला हात लावला नाही. मॅडमचे शब्द पाठ करत, ते आईला आणि आण्णांना मराठीत सांगत बसली. फेरपरीक्षेत पास झाली. सायन्समध्येच राहिली. अविराज पहिल्याच फटक्यात पास झाला होता, तिच्याहून जास्त मार्कांनी, आणि त्या रात्री पोरगी पास झालेली असतानाही सर्जेराव अर्धी भाकरी ठेवून उठला.

डेअरीवर हिंदुरावानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "सर्जेराव, बाप असावा तर असा! भर सभेत पोरीसाठी उभा राह्यलास, गड्या."

सर्जेरावानं किटली खाली ठेवली.

"पोरीसाठी म्हणशील तर मी खाली मान घालून गप बसलो हुतो. उभा राह्यलो त्ये मोहनरावाला प्रतिनिधी करत हुते म्हणून."