साडभाऊंचे दोन स्पीकर

जगातल्या कुठल्याही वरपक्षानं मुलगी पाहताना केली नसेल एवढी चिकित्सा आमच्या थोरल्या साडभाऊंनी स्पीकर निवडताना केली. हे मी पैजेवर सांगतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला त्यांनी एका दुपारी, पोहे संपायच्या आत पसंत केलं होतं. स्पीकर पसंत करता करता मात्र त्यांची धाकटी मुलगी बालवाडीतून चौथीत गेली.

ते इचोड्याच्या शाळेत गणित शिकवायचे. गावात ज्याच्या त्याच्या घरी टू-इन-वन येऊ लागले होते, पण साडभाऊंना त्यांचा मनस्वी तिटकारा. "रेडिओ, टेप, भोंगे, सारं एकाच डब्यात? ह्याले स्टिरिओ नाई म्हनत भाऊ, टिफिन म्हन्तेत." त्यामुळे टेपडेक नागपूरचा ठरला आणि अॅम्प्लिफायर हैदराबादचा. अॅम्प्लिफायर त्यांनी गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसनं आणला. नेरडीगोंड्याला गर्दी वाढली तेव्हा कंडक्टरनं तेलुगूत फर्मावलं की सामान टपावर टाका. साडभाऊ म्हणाले, आधी मला टपावर टाका, मग ह्याला. कंडक्टरनं दोघांनाही खालीच राहू दिलं. स्पीकरसाठी ते आदिलाबादच्या एकाच दुकानात इतक्या वेळा गेले, की दुकानदार त्यांना पाहिलं की आधी पाणी मागवायचा, स्वतःसाठी. कारण साडभाऊ स्पीकर नुसता ऐकत नसत. बाजारात मडकं घेताना बाया जसं बोटाच्या पेरानं वाजवून बघतात, तसं ते प्रत्येक खोकं चारी बाजूंनी वाजवत आणि कान लावत. "मास्टरसाब, ये मटका नै है," दुकानदार कळवळून म्हणाला. "मटका भी ठोक के लेते हम. ये तो मटके से महंगा है," साडभाऊंनी ऐकवलं आणि पुढचं खोकं वाजवायला घेतलं.

लोक हसले. हसणाऱ्यांचं तोंड कोण धरणार! शाळेतल्या एका सहकाऱ्यानं माझ्यादेखत विचारलं, "मास्तर, घरात येवढा आवाज काऊन पाह्यजे? हळू आयकता येत नाई का?"

साडभाऊ एकदम ताठ झाले. "हळू आयकून झालं. माह्या बापानं जिंदगीभर हळूच आयकलं."

ते खरं होतं. त्यांचे वडील तलमडुगुकडच्या एका गावात सालगडी होते. मालकाचा रेडिओ ओसरीवर वाजायचा आणि हे गड्याच्या जागी, गोठ्याच्या भिंतीबाहेर, डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन उभे. वारा जेवढं गाणं आणून टाकील तेवढं त्यांचं. टेपडेकबरोबर आलेल्या माहितीपत्रकात साडभाऊंनी वाचलं की दोन स्पीकरचा आवाज फक्त मधोमध बसणाऱ्यालाच पुरा मिळतो, आणि तेव्हापासून त्यांनी वडिलांसाठी एकच धोशा लावला होता: "बाले मंधात बसवाचं."

अखेर तो दिवस आला. बैठकीत स्पीकर लागले, गणिताच्या मास्तरांनी मोजायच्या टेपनं मापून मध्य काढला, तिथं खडूची खूण केली आणि खुणेवर नवीकोरी वेताची खुर्ची ठेवली. त्यांचे वडील, म्हणजे आमचे म्हातारबाबा आले, खुर्चीकडे कौतुकानं पाहिलं, आणि दारात, उंबऱ्यावर चौकटीला टेकून उकिडवे बसले. ते कुणाच्याही घरी तिथंच बसत, पोराच्या घरीसुद्धा.

"बा, खुर्चीवर बस."

"आयकू येते ना मले इथून."

"येते ते अर्धं येते."

"मले अर्ध्याची आदत हाय, बापू."

 साडभाऊंना संताप आला. त्यांनी वाजत असलेल्या टेपडेकचं बटण खटकन बंद केलं. "भाऊ, तुमी तिकडचा उचला," ते माझ्यावर ओरडले. आम्ही स्पीकर ओढले, टेप पुन्हा जमिनीवर पसरली, आणि मधोमध बरोबर उंबऱ्यावर येईपर्यंत त्यांनी बैठकीची दाणादाण उडवली. एक स्पीकर स्वयंपाकघराच्या तोंडाशी आला, तर दुसऱ्यानं कपाटाचं दार अडवलं. मेहुणीबाई चहाचा ट्रे घेऊन स्पीकर ओलांडताना मास्तरांचा उद्धार करत होत्या.

मग चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांची कॅसेट लागली. म्हातारबाबांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. मग समोर, जिथं काहीच नव्हतं. "इकडून ढोलकी, तिकडून पेटी," ते हळूच म्हणाले, "अन् बाई त माह्या म्होरंच उभी राहून गाऊन राह्यली." आणि त्या बाईला जागा व्हावी म्हणून त्यांनी पाय आखडून घेतले.

म्हातारबाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. दारात आता कोणी बसत नाही, स्पीकर मात्र अजून तिकडेच तोंड करून आहेत. येणारा-जाणारा ठेचकाळतो आणि म्हणतो, मास्तर, बैठक एकदा नीट लावून घ्या की.

"नीटच हाय," साडभाऊ म्हणतात.