सिस्टर पारखे आणि माझी खोटी साक्ष

सिस्टर मार्था पारखे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सिल्वासाच्या आमच्या सरकारी शाळेत, लसीकरणाच्या दिवशी. मी नगरकडून मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. मुलांचे दंड धरून ठेवायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्यावर सोपवलं. तिसऱ्या मुलाला सुई टोचली आणि भोवळ येऊन मीच खाली बसलो. सिस्टर हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "गुरुजी, बाकावर आडवे व्हा, पाणी प्या. हं, पुढचा कोण रे?" निघताना त्यांनी विचारलं, "नगरचे म्हणजे आपल्या ख्रिस्ती मंडळीतलेच का?" मी हो म्हणालो. "मग रविवारी डोकमर्डीला या. आम्ही दहा-बारा घरं माझ्या खोलीत प्रार्थनेला जमतो." तेव्हापासून मी त्या मंडळीत आहे.

सिस्टरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी समितीने मला विषय दिला, त्यांचा निर्भयपणा. वर म्हणाले, "यावर तुमच्याइतकं अधिकाराने कोण लिहिणार?" चोराच्या मनात चांदणं, तसं झालं माझं. हा अधिकार मला ज्या साक्षीमुळे मिळाला, ती साक्ष खोटी होती.

आधी सिस्टरांच्या कामाविषयी सांगतो. सरकारी दवाखान्यात त्यांनी उभी हयात काढली. खेरडीला एकदा अडलेल्या बाळंतिणीला सासू दवाखान्याच्या गाडीत बसू देईना. सिस्टर वाद न घालता सासूच्या चुलीपाशी बसल्या, "आजी, भूक लागली हो," म्हणाल्या आणि नागलीची भाकरी मागून खाल्ली. अर्धी भाकरी संपेपर्यंत सासूबाई स्वतःच गाडीत जाऊन बसल्या होत्या. सिस्टरांनी कोणाला धर्म सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. प्रार्थना मात्र त्या सगळ्यांसाठी करायच्या, त्या सासूबाईंसाठीसुद्धा.

मग करोनाची साथ आली. आमच्या मंडळीतला रामदास सामरवरणीला चाळीत राहायचा. मूळचा साक्रीचा, धाग्याच्या कारखान्यात कामाला. तो आणि त्याची बायको, दोघंही एकदम आजारी पडले. शेजारी दाराकडे फिरकेनात. सिस्टर तेव्हा सत्तरीच्या, निवृत्त. त्यांनी स्वयंपाकाची जबाबदारी घेतली, आणि "डबा मी नेतो" असं सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं. हौस दांडगी!

पहिल्या दिवशी डबा उंबऱ्याशी ठेवून मी पळत सुटलो. दुसऱ्या दिवशी चाळीच्या कोपऱ्यावरच थांबलो. आतून खोकला ऐकू येत होता. मी स्कूटर वळवली, जेवण कुत्र्यांपुढे ओतलं आणि रस्त्याकडेच्या नळावर डबा स्वच्छ घासून सिस्टरांना परत नेऊन दिला. "जेवले का हो?" त्यांनी विचारलं. "जेवले. वरण आवडलं म्हणाले." इतकं साळसूद खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशीही तेच केलं.

संध्याकाळी रामदासचा सिस्टरांना फोन आला, "सिस्टर, दोन दिन व्हयनात, डबा उना नही." सिस्टरांनी मला बोलावून एवढंच विचारलं, "गुरुजी, स्कूटर बिघडली होती का?" मला सुटायला वाट करून देत होत्या त्या. मी मान डोलावली. "बरं. उद्यापासून मी जाते," त्या म्हणाल्या.

आणि त्या गेल्या. तोंडाला दुहेरी फडकं बांधून, पायी, रोज. दारात डबा न ठेवता आत जाऊन त्या दोघांना भरवायच्या. रामदास आणि त्याची बायको उठून बसली, पुढे कायमची गावी गेली. सिस्टरांनी मात्र अंथरूण धरलं. बऱ्याच दिवसांनी त्या दवाखान्यातून घरी आल्या, पण दम गेला तो गेलाच. आमच्या प्रार्थनेतलं प्रत्येक गाणं त्याच उचलायच्या. आता गुडघ्यावर बोटाने ताल धरून बसतात.

बंदी उठल्यावर पहिल्या रविवारी साक्षी झाल्या. प्रभूने कठीण काळात कसं सांभाळलं, ते आमच्यात एकेकाने उभं राहून सांगायचं असतं. डबा मी नेतो, एवढंच लोकांना ठाऊक होतं; माझ्याऐवजी आपण गेलो हे सिस्टरांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघू लागले आणि मी उठलो. "प्रभूने माझी भीती काढून घेतली, मी निर्भयपणे त्या दारात जात राहिलो," असं सांगून टाकलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं, अरेरे! मंडळी "आमेन, आमेन" म्हणाली. सिस्टर जमिनीकडे बघत राहिल्या. पुढे वापीच्या मंडळीनेही मला साक्षीला बोलावलं, मीही गेलो, आणि दर वेळी डब्याचे दोन दिवस वाढवले.

हा लेख इथपर्यंत लिहून मी सिस्टरांना वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर मी विचारलं, "तुम्हाला खरंच भीती नव्हती वाटली?"

"वाटायची तर! अहो, त्या कोपऱ्यावर रोज पाय जड व्हायचे. मग म्हणायचे, प्रभू, आजचा डबा तेवढा पोचू दे, उद्याचं उद्या बघू. आणि चालायला लागायचे." थोडा दम घेऊन त्या म्हणाल्या, "पण गुरुजी, हे पुस्तकात छापण्याआधी रविवारी मंडळीला तोंडाने सांगा."

"मला भीती वाटते, सिस्टर."

"वाटू दे. मी बसलेली असेन तिथे."

मागच्या रविवारी मी उभा राहिलो. त्यांचीच प्रार्थना मनात म्हणून घेतली आणि सगळं सांगितलं, नळावर घासलेल्या डब्यासकट. काहींनी माझ्याकडे पाहणं टाळलं, आणि ते योग्यच होतं. पाच वर्षं उशीर झाला होता. त्या दुसऱ्या दिवशी मी आत गेलो असतो, तर आज सिस्टर गात असत्या.

गौरवलेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना दीर्घ आणि निरोगी आयुष्य चिंतायचं असतं. दीर्घ आयुष्य मी मनापासून मागतो. निरोगी हा शब्द लिहिताना मात्र हात अडखळतो. मी स्कूटर वळवली त्या दिवशी माझी तब्येत ठणठणीत राहिली, आणि तिची किंमत त्या अजून प्रत्येक श्वासाला मोजत आहेत.