वारेमागची गाठ

"चालशे, वहिनी!" म्हणून हात उडवायची तिला खोडच होती. लिफ्ट बंद पडो, नळाला पाणी नसो, कढी फुटो. ती मराठी घरातली, पण 'चालेल'च्या जागी हा एक गुजराती शब्द बडोद्याने तिच्या जिभेवर कायमचा बसवला होता. तुमच्याही सोसायटीत अशी एखादी असेल, जिच्याकडे कुरकुरत जावं आणि हसत परत यावं.

मांजलपुरात आमची दारं समोरासमोर. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले. नवरा मकरपुऱ्याच्या कारखान्यात शिफ्टला, म्हणून सोनोग्राफीला मी बरोबर गेले. गर्भाशयात मोसंबीएवढी फायब्रॉइडची गाठ निघाली आणि वार नेमकी तिच्यावरच रुजलेली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "बाळाचं अन्नपाणी सगळं या वारेतून जातं. गाठीवर तिची पकड कच्ची राहू शकते, ती वेळेआधी सुटूही शकते. बहुतेकींचं नीट पार पडतं. गाठ अधूनमधून दुखेल. पण पोट कडक झालं, तर घरी थांबायचं नाही."

"बाळाला आत्तापासूनच शेजारी मिळाला," रिक्षात ती म्हणाली. पुढे गाठ दुखली, की कूस बदलून सांगायची, "शेजारी भांडतोय." दुखण्याशी तिने अशी सोयरीक जुळवली, की त्याची भीतीच गेली.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, समोर झाकलेल्या दोन वाट्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. बायका ओरडत होत्या, "उघड ना गं!" तिचा हात वाटीवरच थांबला.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई. शेजारी भांडतोय. चालशे."

पेढा निघाला. टाळ्या वाजल्या. आलेल्या सवाष्णी उपाशी कशा पाठवायच्या, म्हणून ती पंगत उठेपर्यंत तशीच बसून राहिली. रक्ताचा थेंबही दिसला नव्हता. ते आत, वारेमागे साठत होतं. निघताना मी तिच्या पोटावर हात ठेवला, तर ते पाटासारखं कडक लागलं. तशीच तिला रिक्षात घातली.

ती वाचली. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगाच होता.

वर्षभरात ती दोघं बडोदं सोडून गेली. मला मात्र ती आठवते, हॉस्पिटलातून घरी आली त्या दुपारची. तिने मला हाक मारून आत घेतलं आणि दार लावलं. ब्लाउज पुढून ओला झाला होता. मी जुन्या साडीची पट्टी फाडून तिच्या छातीभोवती घट्ट बांधू लागले. मला रडू आवरत नव्हतं. ती भिंतीकडे बघत होती.

"वहिनी," ती म्हणाली, "दुधाला कुणी सांगितलंच नाही का हो?"