सहापैकी दोन

केशोरीच्या उमरावला ठाम उत्तराची सवय होती. गावतलावाचे पाणी वाटायचे काम तीस वर्षे त्याच्याकडे. पिकाला शेवटचे पाणी मिळेल का, असे कुणी विचारले की तो तलावाकडे एकदा बघून हो किंवा नाही सांगे, आणि बहुधा तसेच होई.

गोंदियाच्या दवाखान्यातला डॉक्टर मात्र हो म्हणेना की नाही म्हणेना.

उमरावची बायको शांतीबाई सकाळी भातरोपांची रोवणी करता करता बांधीच्या चिखलातच कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

"वय, शुद्ध, रक्ताची गाठ केवढी, रक्त कुठे उतरले, याचे आम्ही गुण मांडतो," डॉक्टर म्हणाला. "जास्त गुण म्हणजे जास्त धोका. यांचे सहापैकी दोन."

"म्हणजे वाचते का नाही जी?"

"अशा शंभरातले सत्तरएक वाचतात."

"शंभर बायका नाहीत मले. एकच आहे. तिचं सांगा."

डॉक्टरने उलट विचारले, "बीपीची गोळी रोज घ्यायच्या?"

"रोज. दर महिन्याले मी सोता आणून देतो."

त्यांची मुलगी नीतू भिंतीकडे बघत म्हणाली, "रोवणीत नाही घे आई. वीस दिवस झाले."

"काऊन?"

"त्या गोळीनं घडीघडी लघवीले लागते. उघड्या बांधीत बाई जाईन कुठं? रांग सोडली का तुमीच बोंबलता, बाबा."

"मंग मले सांगाले काय झालं होतं?" उमराव खेकसला.

"हे तुमाले सांगावं लागते?"

उमराव बाहेर जाऊन बसला.

संध्याकाळी डोक्याचा पुन्हा फोटो काढला. गाठ वाढली नव्हती. "चांगलं आहे," डॉक्टर शांतीबाईच्या खाटेपाशी येऊन उमरावला म्हणाला, "पण चालणं-बोलणं किती परत येईल, ते तीन महिन्यांनी कळेल."

"तीन महिने! आज काहीच नाही सांगता येत?"

तेवढ्यात शांतीबाईने डोळे उघडले. ओठ हलले, शब्द फुटला नाही. उमरावने तिचा उजवा हात धरला. "दाब ना." हात तसाच पडून राहिला. त्याने डावा धरला, तर तिने बोटे करकचून आवळली.

"डॉक्टरसाहेब, पाहा! आता किती गुण?"

"सकाळचेच. ते असे बदलत नाहीत, काका."

"मंग तुमचं गणित कच्चं आहे जी!"

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळला. उमरावला त्याच्या मागे जाऊन भांडायचे होते. पण शांतीबाई हात सोडत नव्हती.